शिशाची गोळी आणि युरोकांचा प्रे-गो-नीश : एका जमातीने स्वतः घातलेल्या बंधनाचे प्रकरण

जानेवारी २०२५ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानाच्या एका दुर्गम भागात दीड वर्षांचा कॉन्डॉर, म्हणजे मेलेल्या जनावरांवर जगणारा गिधाडासारखा प्रचंड पक्षी, मेलेला आढळला. नोंदीत त्याचा क्रमांक बी-७ होता आणि युरोक भाषेत त्याचे नाव पे-नो-पे-ओ-वोक असे ठेवलेले होते. ‘मी मित्र आहे, भल्या स्वभावाचा आहे’ असा काहीसा त्या नावाचा अर्थ. शवविच्छेदनात त्याच्या पचनमार्गात हवेच्या बंदुकीचा शिशाचा एक छर्रा सापडला आणि तपासणीअंती मृत्यू शिशाच्या विषबाधेने झाल्याचे निश्चित झाले. २०२२ मध्ये कॉन्डॉर या प्रदेशात परत आणले गेले, तेव्हापासून तिथल्या थव्यातला हा पहिलाच मृत्यू होता.

कॅलिफोर्निया राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी वापरायला १ जुलै २०१९ पासून पूर्ण मनाई आहे. शिवाय ज्या युरोक जमातीच्या प्रयत्नाने हा पक्षी तिथे आला, तिने पक्षी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शिकाऱ्यांना शिसे सोडायला लावण्याचे काम हाती घेतले होते. कायदाही होता आणि मनापासून केलेले प्रयत्नही होते, तरी एक छर्रा पुरला. हे प्रकरण अभ्यासण्यासारखे वाटते ते त्यामुळे. एखाद्या आदिवासी जमिनीवर शिशाच्या गोळीला आळा घालायचा असेल तर तो कोणी घालायचा, कोणत्या शब्दांत घालायचा आणि तो कुठपर्यंत पुरतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे पुरेशा तपशिलाने पाहायला मिळतात.

युरोक ही सदस्यसंख्येने कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठी आदिवासी जमात असून तिचे सहा हजारांहून अधिक सदस्य आहेत. त्यांचे राखीव क्षेत्र नकाशावर पाहिले तर एखाद्या चिंचोळ्या पट्टीसारखे दिसते. क्लॅमथ नदीच्या मुखापासून वर सुमारे ४४ मैलांपर्यंत, नदीच्या दोन्ही काठांना एकेक मैल, एवढीच ती जमीन. १९८८ च्या कायद्याने हे क्षेत्र शेजारच्या हूपा जमातीच्या क्षेत्रापासून वेगळे झाले आणि १९९३ मध्ये युरोकांनी स्वतःची लिखित राज्यघटना स्वीकारली. नदीतला सामन मासा आणि डोंगरातले हरीण व एल्क (हरणाच्याच कुळातला मोठा प्राणी) हे त्यांचे परंपरेने चालत आलेले अन्न आहे. शिकार हा तिथे सुट्टीतला छंद नसून घरच्या चुलीशी आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटाशी जोडलेली गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे काहीच नीट समजणार नाही.

कॉन्डॉरला युरोक ‘प्रे-गो-नीश’ म्हणतात. जगाचा तोल सावरण्यासाठी हे लोक जे विधी आणि नृत्ये करतात, त्यांत या पक्ष्याच्या पिसाला आणि त्याच्या गीताला स्थान आहे. सर्वांत उंच उडणारा तोच, म्हणून माणसांच्या प्रार्थना वर पोहोचवणाराही तोच, अशी त्यांची श्रद्धा. आपल्या मराठीत ‘गिधाडासारखे तुटून पडणे’ हा वाक्प्रचार शिवीच्या जवळ जातो, आणि त्याच भाषेत जटायूपुढे मात्र आपण हात जोडतो. मेलेले खाणाऱ्या पक्ष्याविषयीचा हा दुजाभाव युरोकांच्या बोलण्यात दिसत नाही. जो घाण निस्तरतो तोच पवित्र, इतकी ती सरळ भूमिका आहे, आणि शिशाच्या प्रश्नावर जमातीत जे एकमत घडू शकले त्याचे मूळ मला या भूमिकेतच दिसते.

हा पक्षी मुळात दुर्मीळ नव्हता. १८०५-०६ मध्ये लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या मोहिमेने तो खूप उत्तरेला, कोलंबिया नदीकाठीही पाहिल्याची नोंद आहे. साडेनऊ फूट पंखविस्तार आणि आठ-दहा किलो वजन असलेला हा पक्षी सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतकऱ्यांच्या काळात गोळीने मेला, आणि लांडग्या-अस्वलांसाठी विष घालून ठेवलेल्या मांसानेही मेला. युरोकांच्या प्रदेशातून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसेनासा झाला. १९८२ मध्ये सगळ्या जगात मिळून फक्त २२ कॅलिफोर्निया कॉन्डॉर उरले होते. १९ एप्रिल १९८७ रोजी रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला गेला आणि त्या दिवशी एकूण संख्या २७ होती. पुढे बंदिवासातील प्रजननाने संख्या वाढली, १९९२ पासून पक्षी पुन्हा सोडले जाऊ लागले आणि आज पिंजऱ्यातले आणि रानातले मिळून ते पाचशेच्या वर आहेत. पण रानात सोडलेल्या पक्ष्यांच्या ज्या मृत्यूंचे कारण कळू शकले, त्यांतले जवळपास निम्मे शिशाने झालेले आहेत, आणि हा एक आकडा बाकी सगळ्या यशावर सावट धरून आहे.

विष पक्ष्याच्या पोटात जाते कसे, हे जरा जवळून पाहू. शिकारी हरीण मारतो, तिथेच त्याचा कोथळा काढतो, मांस खांद्यावर घेतो आणि आतडी, ओझरी, फुप्फुसे रानात सोडून देतो. या सोडून दिलेल्या भागावर पक्षी उतरतात. रायफलीची शिशाची गोळी नरम धातूची असल्यामुळे प्रचंड वेगाने हाडामांसात शिरताना फुटते आणि तिचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला दूरवर पसरतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रानात टाकलेल्या अशा आतड्यांच्या २० ढिगांची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा १८ ढिगांत शिशाचे कण आढळले. क्ष-किरणाच्या काळ्या फिल्मवर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, पीठ सांडावे तसे. यातले कित्येक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि दातांखाली लागत नाहीत.

कॉन्डॉरच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातील जंतू पचवण्याची ही त्याची मोठी शक्ती शिशाच्या बाबतीत त्याच्यावरच उलटते, कारण धातू त्या आम्लात विरघळून रक्तात उतरतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून जवळ करते. रक्त तयार होण्याची क्रिया बिघडते, मज्जातंतू निकामी होऊ लागतात आणि पचनमार्ग लुळा पडतो. गळ्याखालच्या पिशवीत अन्न साठलेले असते, पण ते खाली सरकत नाही. भरल्या गळ्याने पक्षी उपाशी मरतो. हा मृत्यू एका दिवसाचा नसतो, कित्येक दिवस चाललेला असतो, आणि त्या काळात पक्षी झाडावर मान टाकून बसलेला दिसतो.

कॉन्डॉरच का, असा प्रश्न इथे येतो, कारण कोल्हे, कावळे हेही मेलेले खातातच. उत्तर या पक्ष्याच्या राहणीत आहे. तो एका वेळी एकच अंडे घालतो, बहुधा वर्षाआड घालतो, वयात यायला सहा ते आठ वर्षे घेतो आणि पन्नास-साठ वर्षे जगू शकतो. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीत एक प्रौढ पक्षी गेला तर ती जागा लवकर भरत नाही. त्यात हे पक्षी एकत्र जेवतात, त्यामुळे एक विषारी हरीण चार-सहा पक्ष्यांना एकाच दुपारी बाधू शकते. १९९७ ते २०१० या काळात १५० कॉन्डॉरांच्या रक्ताचे ११५४ नमुने तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यांपैकी दरवर्षी सुमारे २० टक्क्यांच्या रक्तात उपचार करावे लागतील इतके, म्हणजे डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. त्याच अभ्यासाने मांडलेला दुसरा हिशेब अधिक अस्वस्थ करणारा आहे. रानातल्या दोनशे मृत जनावरांमागे एकातच, म्हणजे अर्ध्या टक्क्यात शिसे असले, तरी दहा वर्षांत एखाद्या कॉन्डॉरला ते बाधण्याची शक्यता ८५ ते ९८ टक्के निघते. वर्षाला पन्नास जनावरांवर बसणारा पक्षी दहा वर्षांत पाचशेंवर बसतो आणि त्या पाचशेंतली दोन-तीन त्याच्या वाट्याला विष घेऊन येतात. शंभरातले नव्व्याण्णव शिकारी शहाणे झाले तरी पुरत नाही, असा या गणिताचा अर्थ आहे.

राज्य सरकारने दोन टप्प्यांत कायदा केला. २००७ मध्ये संमत झालेल्या आणि १ जुलै २००८ पासून लागू झालेल्या कायद्याने कॉन्डॉरच्या तेव्हाच्या वावरक्षेत्रात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत शिसे वापरण्याला मनाई केली. २०१३ च्या कायद्याने हीच मनाई टप्प्याटप्प्याने साऱ्या राज्यात आणि सगळ्या प्रकारच्या शिकारीत आणली. बंदूकधारकांच्या संघटनांचा त्याला कडवा विरोध होता. पहिल्या कायद्यानंतर सुवर्ण गरुड आणि टर्की गिधाडांच्या रक्तातील शिसे घटल्याचे दिसले, हे त्या कायद्याचे निश्चित यश आहे. कॉन्डॉरांच्या रक्तात मात्र सुरुवातीच्या वर्षांत अपेक्षित घट आढळली नाही. कायदा शिकारीतील वापरापुरता आहे. शिशाची काडतुसे विकायला, बाळगायला किंवा निशाणबाजीसाठी वापरायला तो मनाई करत नाही, आणि चोरून शिकार करणारा माणूस कोणती गोळी वापरायची हे कायद्याला विचारून ठरवत नाही.

राखीव क्षेत्रात हा प्रश्न आणखी वेगळा होतो. १९५३ च्या ‘सार्वजनिक कायदा २८०’ या संघीय कायद्याने कॅलिफोर्नियाला आदिवासी जमिनींवर फौजदारी अधिकार दिले, पण जमातींचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क त्याच कायद्याने त्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे आपल्याच जमिनीवर शिकार करणाऱ्या युरोक माणसाला राज्याचा शिकारीचा नियम सांगायला जाणे ही कायद्याच्या दृष्टीने सरळ वाट नाही, आणि व्यवहारात तर ती मुळीच शहाणपणाची नाही. या नदीकाठाला सरकारी गणवेशाची आठवण फार कडू आहे. १९६९ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्यांनी रेमंड मॅट्झ या युरोक मच्छीमाराची पाच जाळी जप्त केली. तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ मध्ये न्यायालयाने ही जमीन आदिवासी क्षेत्रच असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतरही १९७८ मध्ये मासेमारीवरील बंदी अमलात आणण्यासाठी संघीय अधिकारी सशस्त्र होऊन नदीवर उतरले होते. ज्यांनी ते पाहिले अशी माणसे आज आजी-आजोबा आहेत. अशा घरात जाऊन ‘तुमच्या आजोबांची गोळी चालणार नाही’ असे कोणी बाहेरच्याने सांगितले असते, तर पक्ष्याविषयी कितीही प्रेम असले तरी त्या माणसासाठी दार बंद झाले असते.

नेमक्या याच जागी युरोकांनी वेगळी सुरुवात केली. २००३ मध्ये जमातीच्या ज्येष्ठांनी एकत्र बसून, जमिनीवर राहणाऱ्या कोणत्या प्राण्याला सर्वांत आधी परत आणायचे याचा विचार केला आणि कॉन्डॉरचे नाव घेतले. २००८ मध्ये संघीय अनुदानाच्या आधाराने प्रत्यक्ष काम सुरू झाले. त्यात सुरुवातीपासून असलेल्या टियाना विल्यम्स-क्लॉसेन या जमातीच्याच कन्या. हार्वर्डमध्ये शिकून त्या गावी परतल्या आणि पुढे जमातीच्या वन्यजीव विभागाच्या संचालक झाल्या. त्यांच्यासोबत क्रिस वेस्ट हे जीवशास्त्रज्ञ होते. पक्षी आणण्याआधी त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता, पण अनेक ठिकाणी तो विचारायचा राहून जातो: आपण ज्याला बोलावतो आहोत, त्याला खायला काय वाढणार आहोत?

कॉन्डॉर तर तिथे नव्हताच, मग तपासायचे कोणाला? त्यांनी त्याच्या जागी टर्की गिधाडे आणि डोमकावळे पकडले, रक्त तपासले आणि हे काम २०१७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शिकारीच्या हंगामात डोमकावळ्यांच्या रक्तातील शिसे स्पष्टपणे वाढत असल्याचे त्यातून दिसले. समुद्रकिनाऱ्यावर मरून पडणारे सागरी सस्तन प्राणी हेही कॉन्डॉरचे अन्न असल्यामुळे डीडीटीसारख्या जुन्या विषांचीही तपासणी झाली. निष्कर्ष असा निघाला की प्रदेश पक्ष्यासाठी योग्य आहे, पण शिशाचा प्रश्न सोडवल्याशिवाय पक्षी आणणे म्हणजे त्याला विषाच्या पंगतीला बसवणे. या अभ्यासाची खरी किंमत तो गावातच झाल्यामुळे वाढली. कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठाचा आलेख दाखवावा लागला नाही. आपल्याच डोंगरावरच्या कावळ्याच्या रक्तात आपल्याच हंगामात काय चढते, हे दाखवता आले.

त्यानंतरची मोहीम ‘हंटर्स अॅज स्ट्यूअर्ड्स’ या नावाने चालली. शिकारी हे रानाचे राखणदार आहेत, असा या नावाचा भाव आहे, आणि साऱ्या मोहिमेचा सूर तोच होता. कॉन्डॉर शिकाऱ्यामुळे मरतो असे म्हणता येते, आणि कॉन्डॉर शिकाऱ्यामुळेच जगतो असेही म्हणता येते. लांडगे आणि अस्वले पूर्वीइतकी उरली नसताना रानात या पक्ष्यासाठी मांस ठेवणारा मुख्य हात माणसाचाच आहे. युरोकांनी दुसरे वाक्य निवडले. शिकार थांबवा, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. उलट, शिकार करा, कोथळा पूर्वीसारखा रानात ठेवा, फक्त तो स्वच्छ ठेवा, असे सांगितले. निर्बंध म्हणून हे वाक्य लहान दिसते, पण ते ऐकणाऱ्याला आपण गुन्हेगार असल्यासारखे वाटत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

अशा मोहिमांमध्ये शब्दांपेक्षा प्रात्यक्षिक जास्त बोलते. पाण्याने भरलेल्या पिंपात किंवा घट्ट जेलीच्या ठोकळ्यात आधी शिशाची आणि मग तांब्याची गोळी झाडतात. पाणी ओतून टाकले की तळाशी शिशाचा वेडावाकडा गोळा आणि त्याभोवती करड्या कणांचा गाळ दिसतो. तांब्याची गोळी मात्र पुढून पाकळ्यांसारखी उमललेली, पण जवळपास अखंड बाहेर येते. शिकारी ती बोटांत धरून पाहतो, वजन करतो. हरीण पाडायला ती पुरेल का, नेम धरेल का, या त्याच्या शंका खऱ्या असतात आणि त्यांचे उत्तर त्याला स्वतःच्या रायफलीतून मिळावे लागते, कारण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक रायफलीला ती सारखी मानवतेच असे नाही. नेम पुन्हा बसवावा लागतो आणि त्यासाठी काडतुसे खर्ची पडतात. किमतीचा प्रश्नही खरा आहे. हंगामात एक-दोन हरणे मारणाऱ्याला फरक फार पडत नाही, पण सरावासाठी भरपूर गोळ्या झाडणाऱ्याला तो जाणवतो.

दुसरा मुद्दा पक्ष्याचा नसून ताटाचा आहे, आणि तो कदाचित सर्वांत खोल पोहोचतो. आतड्यांच्या ढिगात सापडणारे कण खांद्यावरून घरी नेलेल्या मांसातही असतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात अन्नदान केंद्रांना दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळल्याने ते मांस वाटू नये अशी सूचना द्यावी लागली होती, आणि तिथल्या ७३८ लोकांच्या रक्ततपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे तुलनेने जास्त निघाले होते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. जिथे हरणाचा पहिला वाटा म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या घरांना पोहोचवण्याची रीत आहे, तिथे क्ष-किरणातले ते पांढरे ठिपके पाहिल्यावर फार समजवावे लागत नाही. पक्ष्याचे अन्न आणि नातवाचे अन्न एकाच जनावरातून येते, हे शिकाऱ्याला कोणाकडून शिकावे लागत नाही. त्याच जनावराचे वाटे त्याने आयुष्यभर केलेले असतात.

याच्याशेजारी अॅरिझोनाचे उदाहरण ठेवून पाहावे. तिथे कायद्याने बंदी नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याने २००५ पासून कैबाब पठारावरील शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसे फुकट द्यायला सुरुवात केली आणि बहुसंख्य शिकारी स्वखुशीने त्यात सामील होत आले. सक्तीशिवाय इतका प्रतिसाद मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही तिथल्या कॉन्डॉरांत शिशाची विषबाधा संपलेली नाही, कारण वर सांगितलेला अर्ध्या टक्क्याचा हिशेब तिथेही लागू आहे. कायद्याने राहिलेली फट आणि स्वेच्छेने राहिलेली फट पक्ष्याच्या दृष्टीने सारखीच.

पक्षी परत आणण्याचा दिवस यायला ज्येष्ठांच्या निर्णयानंतर एकोणीस वर्षे लागली. मार्च २०२१ मध्ये संघीय नियम निघाला आणि उत्तर कॅलिफोर्निया, ओरेगन व वायव्य नेव्हाडा यांतील हा थवा ‘प्रायोगिक’ ठरवला गेला. त्यामुळे आसपासच्या लाकूड आणि वीज कंपन्यांना कठोर निर्बंधांची धास्ती राहिली नाही आणि त्या सहकार्याला तयार झाल्या. ३ मे २०२२ रोजी पहिले दोन तरुण नर मोकळे झाले. त्यांतल्या एकाचे नाव पोय-वे-सन, म्हणजे पुढे चालणारा. नंतर आलेल्या मादीच्या नावाचा अर्थ ‘ती आमच्या प्रार्थना वाहून नेते’ असा आहे. जमात आणि रेडवुड राष्ट्रीय उद्यान मिळून हा प्रकल्प चालवतात, दरवर्षी नवे पक्षी सोडले जातात आणि प्रकल्पाच्या तळाजवळ त्यांच्यासाठी तपासलेले, स्वच्छ मांस ठेवले जाते. पण हे पाळीव पक्षी नाहीत. जसजसे ते मोठे होतात तसतसे स्वतःचे अन्न स्वतः शोधू लागतात, आणि ते व्हायलाच हवे. कॉन्डॉर एका दिवसात शंभर-दीडशे मैल सहज हिंडतो. युरोकांची पट्टी दोन मैल रुंद आहे. उत्तरेला ओरेगनची सीमा त्याच्या पंखांना काही तासांचीही नाही, आणि त्या राज्यात शिकारीत शिसे वापरायला सरसकट बंदी नाही.

बी-७ च्या मृत्यूकडे या सगळ्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. सापडलेला छर्रा हरणाच्या रायफलीचा नव्हता. हवेच्या बंदुकीने माणसे खारी, ससे, उंदीर मारतात. मारलेला जीव लहान असतो, तो उचलला जात नाही, आणि तो मारणे म्हणजे शिकार असे मारणाऱ्याच्या मनातही येत नाही. जमातीची सारी मोहीम हरीण-एल्क मारणाऱ्या माणसाशी बोलत होती, कारण मांसाचा मोठा वाटा तिथून येतो. विष मात्र ज्या दाराकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते तिथून आत आले. यात जमातीचा दोष काढणे अन्यायाचे होईल. पण पुढच्या कामाची दिशा या एका छर्र्याने नक्की केली आहे: परसात बंदूक धरणारा पोरगा, कुंपणापाशी खार टिपणारा शेतकरी, पॉइंट टू-टू बोअरची स्वस्त काडतुसे. या लहान काडतुसांना तांब्याचा पर्याय मोठ्या काडतुसांइतका सहज मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती एकट्या जमातीच्या हातची नाही.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे शिशाऐवजी डायक्लोफिनॅक होते. आजारी गाईबैलाला कळवळ्याने टोचलेले वेदनाशामक, ते ढोर मेल्यावर गावाबाहेर टाकले, आणि त्यावर बसलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. शिकाऱ्याने पक्षी मारला नव्हता, तसा आपल्या शेतकऱ्यानेही मारला नव्हता. भारतात गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून कितीतरी अधिक घटली आणि त्यासाठी १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकात घातक प्रमाणात औषध असणे पुरेसे होते, असा हिशेब २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. कॉन्डॉरच्या अर्ध्या टक्क्याशी हे प्रमाण किती जुळते ते पाहावे. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या आणि २०१५ मध्ये त्या कुप्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ केली, तिथे तपासलेली जनावरे ठेवायची ही कल्पना युरोकांच्या तळाजवळच्या मांसासारखीच. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा क्लॅमथच्या काठी कोणाला भाषांतर करून सांगितली, तर तिथला माणूस मान डोलवील असे वाटते. मात्र गिधाडाचे काय करायचे हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खात्याने ठरवले आणि गावाने ऐकले. तिकडे ते ज्येष्ठांनी ठरवले आणि खाती मागून आली. या फरकाचा गडचिरोलीत काम करणाऱ्यांनी विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

युरोकांच्या प्रकल्पात आता पक्षी ठरावीक काळाने पुन्हा पकडले जातात. एक जण पंख कवेत घेतो, दुसरा डोके धरतो, तिसरा पायाच्या शिरेतून रक्त काढतो, आणि लहानशा यंत्रावर काही मिनिटांत शिशाचा आकडा उमटतो. आकडा जास्त आला तर पक्ष्याला युरेका शहरातील सिक्वोया पार्क प्राणिसंग्रहालयात नेतात. तिथे त्याच्यासाठी उपचाराची सोय केलेली आहे. शिशाला बांधून शरीराबाहेर काढणारे औषध त्याला सुईने देतात, पुन्हा रक्त तपासतात, आणि आकडा उतरला की पक्ष्याला डोंगरावर परत सोडतात. शिकारीचा हंगाम उघडला की हे काम वाढते. बिनशिशाच्या गोळीसाठी शिकाऱ्यांशी बोलणेही जमातीच्या माणसांनी चालूच ठेवले आहे.